८८ अंशांचा थर्मोस्टॅट, तीन हिवाळ्यांनंतर

तळहातावर मावेल एवढी पितळी चकती, मधे स्प्रिंग, खाली मेणाने भरलेली छोटी डबी आणि कडेवर ठोकलेला ८८ हा आकडा. इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट तो हाच. माझ्या १९६६ च्या एमजीबीत, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, आजवर जे काही घातलं त्यात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच. थंडीत गाडी चालवण्याजोगी झाली तीही हिच्यामुळेच. हे कळायला मला एक अख्खा हिवाळा वाया घालवावा लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी मूळ दादाची. उघड्या टपाची रोडस्टर, १७९८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे), वीज बनवायला अल्टरनेटर नाही तर जुन्या पद्धतीचा डायनॅमो, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर अलगद पडायची सोय) नाही. दादाने ती वर्षानुवर्षं फक्त उन्हाळ्यात फिरवली. गुडघे कुरकुरायला लागल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "थंडीत काढू नकोस गं, तिला सोसत नाही." मी अर्थातच काढली.

पहिला हिवाळा असा गेला. सकाळी उणे तीन-चार असायचं. चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) पूर्ण ओढून सेल मारला की दोन-तीन प्रयत्नांत इंजिन उठायचं, पण पंधरा मिनिटं झाली तरी चोक आत ढकलायची सोय नाही. ढकलला की गाडी मिस मारणार, आचके देणार आणि चौकात बंद पडणार. हीटरमधून वारा यायचा, पण तो कुणीतरी फुंकर घालावी तसा. काच आतून धुरकटलेली, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्यात फडकं. तापमानाचा काटा सी (गार) आणि एन (नेहमीचं) या अक्षरांच्या मधे लोळत पडलेला.

मी एकेक संशयित पकडत गेले. आधी हीटर: त्याची जाळी उलट्या बाजूने पाणी सोडून धुतली, थोडा गाळ निघाला, वारा तसाच गार. मग प्लग: काढले तर काळेकुट्ट, काजळीने माखलेले. साफ करून लावले, आठवड्यात पुन्हा काळे. मग कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमधलं, म्हणजे पिस्टनची हालचाल सावरणाऱ्या नळकांड्यातलं, तेल. ते जाड झालं की पिस्टन जडावतो हे खरं आहे, आणि माझ्या गाडीत कुणीतरी दाट ऑईल ओतलेलंही होतं. पातळ, २० ग्रेडचं घातलं. थोडा फरक पडला, पण मूळ दुखणं तिथेच.

डोळे उघडले ते तेलाच्या झाकणाने. ऑईल टाकायचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर पांढरी साय जमलेली, बोटाने निपटून काढावी इतकी. पहिल्यांदा बघणारा हेड गॅस्केट (इंजिनात तेल आणि पाणी वेगळं ठेवणारी पट्टी) गेलं म्हणून घाबरतो, मीही घाबरले. पण रेडिएटरमधलं पाणी कमी होत नव्हतं, त्यात तेलाचा तवंग नव्हता. डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास आला. म्हणजे इंजिन कधी तापतच नव्हतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होतेच. ब्लॉक गार असला की ती आतल्या आत गार होऊन तेलात मिसळते. चोक ओढलेला असला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली उतरतं. तेल तापलं तर दोन्ही उडून जातात. माझं तेल तापतच नव्हतं.

मग एक गोष्ट लक्षात आली, जी खरं तर पहिल्या आठवड्यातच यायला हवी होती. मोठ्या रस्त्याला लागून वेग धरला की काटा खाली यायचा आणि सिग्नलला थांबलं की वर चढायचा. धडधाकट गाडीत असं होत नाही. इन्फ्रारेड तापमापक आणून अर्ध्या तासाच्या फेरीनंतर सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला, वरचा होज जिथे बसतो त्या घरावर रोखला. ५४ अंश. लगेच दादाला फोन लावला.

"दादा, हिच्यात थर्मोस्टॅट आहे ना?"

"तो? अगं, एका उन्हाळ्यात गाडी तापायला लागली होती, तेव्हा काढून टाकला मी. गाडी एकदम मस्त चालायला लागली त्यानंतर."

काय बोलणार! हा उपाय करणारा दादा एकटा नाही. जुन्या गाड्यांत ही चकती बेपत्ता असणं इतकं सर्रास दिसतं, की सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तिला हजर धरूच नये.

ही वस्तू करते काय ते थोडक्यात. इंजिन गार असताना ती रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात राहून पटकन तापतं. ठरलेल्या अंशाला डबीतलं मेण वितळून फुगतं, दांडा सरकतो, झडप उघडते. वीज नाही, सेन्सर नाही. माझ्या मॉडेलसाठी तीन आकडे मिळतात: ७४, ८२ आणि ८८. उष्ण हवेला ७४, नेहमीच्या वापराला ८२, थंड प्रदेशाला ८८. ही चकती नसली तर पहिल्या सेकंदापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं. त्यात या गाडीचा पंखा पाण्याच्या पंपावरच बोल्टने बसवलेला, गरज असो-नसो फिरत राहणारा. उणे चार अंशांत तो काय गार करत होता देव जाणे.

वस्तू बसवायला सोपी, पण तिचं घर उघडणं सोपं नाही. तीन स्टड, तीन नट. नट निघतात, पण ॲल्युमिनियमचं घर आणि लोखंडी स्टड इतक्या वर्षांत गंजाने एकजीव झालेले असतात. दोन दिवस मी येता-जाता भेदक तेल सोडत होते. तिसऱ्या दिवशी हीट गनने घर तापवलं, लाकडी ठोकळा लावून चारी बाजूंनी हळूहळू ठोकलं. किंचित हललं, मग अडकलं. तिथे मी उतावीळपणा केला आणि पाना घालून उचकटलं. एक स्टड कट्कन तुटला, तोही पृष्ठभागाच्या जेमतेम तीन मिलिमीटर वर. दोष पूर्ण माझा. मिस्त्रीने उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, पण काढताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मी विसरणार नाही. नवे स्टड लावताना तांब्याचं ग्रीस लावलंय, पुढच्या वेळी कुणावर ही पाळी येऊ नये.

आता खरेदीबद्दल, कारण परीक्षणाचा गाभा तिथेच आहे. मी आणलेला पहिला नग खोटा निघाला. नवाकोरा, खोक्यात बंद, अंगावर ८८ ठोकलेलं. बसवण्याआधी तपासला म्हणून वाचले. ही तपासणी प्रत्येकाने करावी, पंधरा मिनिटांचं काम आहे.

एक पातेलं, पाणी, तापमापक आणि शिवणकामाचा दोरा. थर्मोस्टॅटची झडप बोटाच्या जोराने किंचित उघडायची, फटीत दोरा सरकवायचा आणि झडप सोडून द्यायची. दोरा घट्ट धरला जातो. मग त्याच दोऱ्याला थर्मोस्टॅट टांगून पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. तापमापकही तळापासून वर धरायचा, नाहीतर पातेल्याच्या बुडाचं तापमान दिसतं. आच मंद ठेवायची आणि पाणी ढवळत राहायचं. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि चकती टप्पकन तळाला जाते. त्या क्षणी आकडा वाचायचा.

पहिला नग ७१ ला पडला. चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं, तर ७२. गार झाल्यावर उजेडासमोर धरला तर झडप एका बाजूने पूर्ण बसतच नव्हती, चंद्रकोरीसारखा उजेड दिसत होता. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. त्याने वाद न घालता पैसे परत केले, पण नवा नग पाठवतो म्हणाला तेव्हा मी नको म्हटलं. दुसरा वेगळ्या ठिकाणाहून आणला. तो तीनदा टांगला: ८७, ८७, ८८. पाणी उकळायला आलं तेव्हा झडप चांगली सात-आठ मिलिमीटर उघडली आणि गार होताना पुन्हा घट्ट बसली. गेले तीन हिवाळे तोच गाडीत आहे, आणि हे परीक्षण त्याच नगाचं.

बसवताना दोन गोष्टी बघा. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला हवी. उलटा बसला तर डबीला गरम पाणी लागायला उशीर होतो आणि इंजिन उकळतं. दुसरं म्हणजे चकतीच्या कडेला बारीक भोक आणि त्यात खुळखुळणारी छोटी पिन असते, आत अडकलेली हवा जायला. पिन नसलेला नग मिळाला तर तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या.

पण या सगळ्याआधी कूलंट बघा. हे मी मुद्दाम ठासून सांगते. थर्मोस्टॅट बंद असताना रेडिएटरला गरम पाणी मिळतच नाही. त्यात साधं पाणी किंवा पातळ मिश्रण असेल तर भर रस्त्यात, इंजिन चालू असताना, रेडिएटरचा तळ गोठू शकतो. मग झडप उघडते, पाणी पुढे सरकत नाही आणि गोठवणाऱ्या थंडीत गाडी उकळते. अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं मात्र नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं.

आता फरक. बसवल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी उणे पाच होतं. नऊ मिनिटांत काटा एनवर पोचला आणि तिथेच थांबला. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला तरी हलला नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला चोक अर्धा आत गेला, सातव्याला पूर्ण. एसयूच्या चोकची गंमत अशी, की खटका थोडासाच ओढला तर पेट्रोल वाढत नाही, फक्त आयडलिंग वाढतं. जेट (पेट्रोल सोडणारी नळी) खाली सरकून मिश्रण दाट होतं ते त्याच्या पुढे. आधी मला हा टप्पा वापरायची संधीच मिळत नव्हती, कारण इंजिनाला कायम दाट मिश्रण हवं असायचं. आता सुरुवातीची दोन-तीन मिनिटं सोडली तर मी त्या पहिल्या टप्प्यावरच असते. महिन्याभराने प्लग काढले तर बिस्किटी रंगाचे. झाकणाखालची साय पुसून टाकली होती, ती परत आली नाही.

आणि हीटर! तो गरीब बिचारा नाहक बदनाम झाला होता. त्याला पाणी सिलिंडर हेडवरच्या झडपेतून मिळतं. इंजिनात ५४ अंशांचं पाणी असेल तर तो तरी काय देणार? आता पायाला खरोखर ऊब लागते. काच पूर्ण साफ व्हायला आधुनिक गाडीपेक्षा वेळ लागतोच, फडकं मी अजून दाराच्या कप्प्यात ठेवते. पण हात स्टिअरिंगवर राहतात.

पाणी तापलं म्हणजे तेल तापलं असं नाही, आणि इथे या चकतीची मर्यादा सुरू होते. माझ्या गाडीला पुढे ऑईल कूलर आहे आणि त्याच्या वाटेत कुठलाही थर्मोस्टॅट नाही. म्हणजे तेल पहिल्या मिनिटापासून गार वाऱ्यात फेरी मारून येतं. मी कूलरसमोर जाड पुठ्ठा कापून तारेने बांधते. दिसायला भिकार, पण काम चोख. ऑईल प्रेशरचा काटा इथे खरं सांगतो. गार तेलावर तो वर चिकटून बसतो, आणि आयडलिंगला २० पौंडांच्या (दर चौरस इंचाला) आसपास उतरला की समजायचं तेल पातळ झालं. पुठ्ठ्याशिवाय तो अर्धा अर्धा तास उतरायचा नाही. तोवर मी इंजिन ताणत नाही. गिअरबॉक्सचंही तसंच. या गाडीत गिअरबॉक्सलाही इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल लागतं, त्यामुळे थंडीत पहिले दोन किलोमीटर दुसरा गिअर रुसलेला असतो. जोर करायचा नाही, पहिल्यातून तिसऱ्यात टाकायची.

म्हणून माझा एक हिशेब ठरलाय: जाऊन-येऊन वीस किलोमीटरपेक्षा कमी काम असेल तर ही गाडी बाहेर काढायची नाही. थर्मोस्टॅट असला तरी.

बॅटरीच्या बाबतीत ही चकती काहीही करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. एमजीबीच्या या काळातल्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या पत्र्याखाली असतात, दृष्टीआड आणि त्यामुळे बहुतेकांच्या मनाआड. डायनॅमोची झेप जास्तीत जास्त २२ अँपिअर. त्यात हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा एकाच वेळी चालू, वर रहदारीत आयडलिंग. आयडलिंगला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळं बॅटरीतून जातं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ती सकाळपेक्षा जास्त उतरलेली असायची. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि दाट तेलामुळे स्टार्टरची भूक वाढते, दोन्ही एकदम. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे सात-आठला गोठूही शकते, भरलेली गोठत नाही. मी घरी आल्यावर छोटा मेंटेनर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर) लावून ठेवते. एक लक्षात ठेवा, ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे. दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना सवयीने काळी वायर बॉडीला लावलीत तर पश्चात्ताप होईल.

बाकीच्या हिवाळी गोष्टी भरभर सांगते. हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका, ओले ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला ठोकळा लावा. टप गारठलेला असताना दुमडू नका. विनाइल तडकतं आणि मागची प्लॅस्टिकची खिडकी तर हमखास, माझ्या खिडकीला कोपऱ्यात वीतभर भेग आहे ती याच हौसेची. आणि मीठ. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की मी गाडी सरळ आत ठेवते, पाऊस पडून रस्ता धुतला जाईपर्यंत. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते, आणि दाराखालचे सिल गेले की गाडी गेली. त्यावर कुठल्याच अंशाचा थर्मोस्टॅट चालत नाही.

८८ बद्दल तक्रार एकच, आणि तीही माझ्याच आळसामुळे. पहिल्या वर्षी हिवाळा संपल्यावर मी तो बदललाच नाही. गाडी उकळली नाही. झडप पूर्ण उघडल्यावर आकडा ७४ असो की ८८, रेडिएटर तेवढंच काम करतो. पण या इंजिनाचे कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावरच बसलेले आहेत. उन्हाळ्यात दहा मिनिटं थांबून पुन्हा सेल मारला की पेट्रोल फ्लोट चेंबरमध्येच (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) उकळलेलं असायचं आणि गाडी उठायला कुरकुर करायची. तेव्हा ८२ वर जायचं ठरवलं.

तो विकत घ्यावा लागला नाही. स्टेपनीखाली दादाची हत्यारांची गुंडाळी असते, तिच्या शेवटच्या खणात कागदात गुंडाळलेली एक चकती निघाली. तेलकट बोटांचे ठसे, कडेवर ८२. दादाने काढला होता, फेकला नव्हता. दोऱ्याला टांगून पातेल्यात सोडला, ८३ ला पडला. म्हणजे त्या उन्हाळ्यात गाडी का तापत होती कोण जाणे, याच्यामुळे तर नक्कीच नव्हती. हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग रेडिएटर असेल," आणि विषय बदलला.

आता वर्षातून दोनदा अदलाबदल करते, नव्या स्टडमुळे वीस मिनिटांत होते. मागवणार असाल तर दोन सूचना: खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता दोरा लावून बघा, आणि गॅस्केट दोन मागवा. पहिलं फाटतंच.